उघाडी

महापेच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
गेले पाच महिने मी एक राज्य बुडवते आहे.
वेल्सच्या किनाऱ्यावरचं. कान्त्रेर ग्वायलोद.
मीटिंगमध्ये हे नाव घेताना सगळेच थोडं खोकतात.
सोळा गावं, एक लांब बांध, बांधाला दार,
दाराला राखणदार.
मेजवानीच्या रात्री तो पिऊन झोपतो,
दार उघडं राहतं, समुद्र आत येतो.
वारा पडला की म्हणे अजून पाण्याखालच्या घंटा ऐकू येतात.
खेळाडूला पळायला दोन मिनिटं चाळीस सेकंद.

माझ्याकडे काम दाराचं.
लाकूड, शेवाळ, बिजागरी, गंज.
कार्डिफहून आलेल्या चित्रात किल्ल्याचा दरवाजा:
दोन फळ्या, मधे अडसर.
का कोण जाणे, मला तो बघवेना.

रविवारी घणसोलीला लॅपटॉप नेला,
जोमाकाकांपुढे ठेवला.
सत्त्याहत्तर वय, मोतीबिंदू काढलेला एक डोळा,
तो त्यांनी स्क्रीनला जवळजवळ टेकवला.
"यो कसला दरवाजा? यो तं देवलाचा."
मग बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून,
बशीत पाणी ओतून दाखवलं:
उघाडी वरून टांगलेली असते.
भरती आली की पाणीच फळी दाबून बंद करतं,
सुकतीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं.
"मानसानं लावाची नस्ते ती. दर्या लावतो, दर्याच उघडतो."

मग राखणदार कशाला?
"फटीत काय अडाकलंय ते बघाला.
काठी, चिंबोरी, कोनाची तरी चप्पल.
येक चिंबोरी पुरं व्हते, पोरी, सगलं खाजन बुडवाला."

मी म्हटलं, आमच्या गोष्टीत तो पिऊन झोपलेला असतो.

बशीतलं पाणी टेबलावर पसरत होतं,
ते त्यांनी पुसलं नाही.
"तुलशीचं लगीन झालं व्हतं. चंदरच्या पोरीची हलद.
मी व्हतो तिथं. ताडी घेतली व्हती. सगल्यांनीच घेतली व्हती."
घरात हे मी पहिल्यांदा ऐकत होते.
खांड पडली. कापून पसरलेला राता भात रातोरात गेला,
तीन वर्षं जमिनीवर मीठ फुलत राहिलं,
आणि मोजणीवाले आले तेव्हा
कागदावर एकच शब्द पडला, नापीक.
"कोन काय बोललं नय मना.
पन हलदीला बोलवाचे बंद झाले."

आता तिथे सेक्टर आहे.
मुरूम, त्यावर मुरूम, त्यावर एकवीस मजले.
घंटा वगैरे काही नाही. उधाणाच्या रात्री
पार्किंगच्या खड्ड्यातल्या पंपाचा अलार्म वाजतो
आणि वॉचमन शिव्या देत खाली उतरतो.

सोमवारी मी दार बदललं. वरून टांगलं.
कार्डिफच्या कॅरिसने लिहिलं: सुंदर. पण
दार आपोआप बंद होत असेल, तर दोष कुणाचा?
गोष्टीला दारुडा लागतो.
मी लिहिलं, राहू दे दारुडा.

फळीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात,
जिथे जीव वाचवायच्या घाईत कुणी वाकून बघणार नाही,
मी एक चिंबोरी बसवली आहे.
अडीचशे पॉलिगॉन, एक नांगी फटीत.
तिला नाव नाही, तिच्यावर क्लिक होत नाही.
टेस्टिंगच्या ओजसने ती बग म्हणून नोंदवली:
इथे खेकडा का?
मी शेरा मारला, तसंच असतं,
आणि नोंद बंद केली.

काकांना अजून सांगितलेलं नाही.
तेव्हा फटीत खरंच काही होतं का,
हेही विचारलेलं नाही.
परवा फोनवर त्यांनीच काढलं,
"तुजा तो दरवाजा, पानी अडवतो का आता?"
दोन मिनिटं चाळीस सेकंद, मी म्हटलं.
"बरा हाय," म्हणाले. "हलद तरी पुरी व्हईल."